पस्तीस मिनिटांवर ताईचं घर

आत्याचं गाव किती लांब आहे, हे आमच्या घरात कुणी कधी किलोमीटरमध्ये सांगितलं नाही. ती पस्तीस मिनिटांवर राहायची. मधे डोंगर होते. त्यांना वळसे घालत रस्ता जायचा आणि सकाळी निघालेली बस दिवेलागणीला पोचायची, पण रस्त्याशी आमचा काय संबंध? बाबा या टोकाच्या विमानतळावर नोकरीला होते आणि आत्या त्या टोकाच्या. पुढे मी शाळेत भूगोल शिकवायला लागले, नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषेतलं अंतर कसं मोजायचं ते मुलांना घोटून शिकवलं, तरी माझ्या डोक्यात आत्याचं घर पस्तीस मिनिटांवरच राहिलं.

आता विमानतळ हा शब्द आमच्यासाठी जरा मोठाच होता. एक धावपट्टी, तिच्याभोवती तारेचं कुंपण आणि पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. विमान एकोणीस माणसांचं, सकाळी एक फेरी आणि दुपारी एक. एवढ्याशा विमानात वजनाचा हिशेब फार कडक असतो. बॅगा तर सोडाच, माणसांनाही काट्यावर उभं करत. त्या काट्यामागे बाबा उभे असायचे, म्हणून सगळं गाव त्यांना 'काटेवाले' म्हणायचं. गावातल्या बहुतेक प्रतिष्ठितांचं खरं वजन ठाऊक असलेला हा एकमेव माणूस, त्यामुळे त्यांच्याशी सगळे जपून वागायचे. आईसुद्धा.

त्यांची ती सवय घरीही सुटली नाही. पाहुणे आले की कुणी कुठल्या खुर्चीवर बसायचं हे बाबा ठरवायचे, जड माणसं मधे आणि पोरंसोरं टोकांना. जणू आमचं जेवणाचं टेबल आता उडणारच आहे. ज्याच्याशी मी लग्न करणार होते त्याला पहिल्यांदा घरी आणलं. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बहात्तर. बुटांसकट." तो बिचारा अजून सांगतो की त्याला वाटलं, मुलाखतीचे गुण मिळाले.

विमान सुटलं की बाबा वायरलेसवर पलीकडे कळवायचे. सुटलं, माणसं इतकी, वजन इतकं. पलीकडे आत्या असायची. विमान तिच्याकडे टेकलं की ती म्हणायची, उतरलं. त्या यंत्रावर खासगी बोलायला सक्त मनाई होती आणि बाबा नियमाचे असे पक्के, की चहाचा कपसुद्धा त्या टेबलावर ठेवायचे नाहीत. पण शेवटी भाऊ-बहीणच ती. मी जन्मले त्या सकाळी बाबांनी कळवलं होतं, "माणसं सतरा. घरी एक जास्त, तीन किलो." पलीकडून जरा वेळ नुसती खरखर आली. मग आत्या म्हणाली, "समजलं. वजन चांगलं आहे."

असं त्यांचं बोलणं. घरच्या फोनवर तर दोघांची बोबडी वळायची. 'बरी आहेस?' 'बरी आहे. तू?' 'बरा आहे. बाकी?' 'बाकी ठीक.' आणि मग दोघंही हात भाजल्यासारखे फोन ठेवून द्यायचे. आई म्हणायची, "तुमच्यात मधे विमान ठेवल्याशिवाय तुम्हाला बोलता येत नाही का हो?"

आत्या मात्र यायची. कर्मचाऱ्यांना फुकट जागा मिळे, पण वजनात बसलं तरच. एकही किलो शिल्लक नसेल तर कर्मचाऱ्याने मुकाट्याने उतरायचं. आत्या तशी काडीसारखी, ती कुठेही बसायची. सकाळच्या विमानाने यायची, माझ्या वेण्या घालायची, आईशी गप्पा मारायची, बाबांना दोन शब्द लागट बोलायची आणि दुपारच्या विमानाने परत. मैत्रिणींच्या आत्या वर्षातून एकदा यायच्या. माझी आत्या रविवारची यायची, आणि त्याचा मला केवढा माज होता! जाताना दर वेळी बाबांना म्हणायची, "आता तू ये. माझं घर तरी बघ एकदा."

"येतो ना," बाबा म्हणायचे. "पुढच्या महिन्यात."

तो महिना काही उजाडला नाही. असं नाही की ते निघालेच नाहीत. चांगले इस्त्रीचे कपडे घालून निघायचे, विमानात जाऊन बसायचे, आणि ऐन वेळी कुणीतरी यायचं. कुणाची आई अत्यवस्थ असायची, कुणाची परीक्षा. बाबा लगेच पट्टा सोडून खाली. "माझं काय, मी उद्याही जाईन." लोक त्यांचा हात हातात घेऊन डोळे पुसायचे. काटेवाल्यांसारखा माणूस नाही, असं बाजारात ऐकू यायचं. मलाही अभिमान वाटायचा. कुणी म्हणालं की बसने का जात नाही, तर बाबा हसायचे. "विमानात माणसं चढवणारा बसच्या रांगेत उभा राहिला तर लोक काय म्हणतील?"

आतोबा गेले तेव्हा दरड कोसळून रस्ता बंद होता. विमान तेवढं होतं. त्या दिवशी बाबा पांढऱ्याफटक चेहऱ्याने विमानात चढले. शेवटच्या क्षणी आतोबांचा धाकटा भाऊ धावत आला. बाबा उतरले, त्याला आत बसवलं आणि कुंपणाला धरून उभे राहिले. सख्ख्या मेहुण्याच्या शेवटच्या दर्शनाला गेले नाहीत, पण त्याच्या भावाला पाठवलं, म्हणून लोकांनी त्यांना आणखीनच डोक्यावर घेतलं. आत्याने कधी एका शब्दाने विचारलं नाही.

मग ते विमान बंद झालं. पुरेशी माणसं मिळत नाहीत, असं कंपनीने सांगितलं. आत्या बसने दोनदा आली. दुसऱ्यांदा तिचे गुडघे असे सुजले की डॉक्टरांनी प्रवास बंदच केला. इकडे आई अंथरुणाला खिळली. बाबांनी तिचं सगळं केलं, त्यांना एक रात्रही घर सोडता आलं नाही. आई गेली तेव्हा बाबा अगदी रिकामे झाले. आम्ही त्यांना आमच्या घरी आणलं. दिवसभर खिडकीत बसायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांची वजनं ठरवायचे. मी चिडवायचे, ते हसायचे, पण ते हसू ओठांच्या पुढे जायचं नाही.

अशात आत्याच्या मुलाचा फोन आला. तो आत्याला कायमची परदेशी घेऊन चालला होता. घर विकलं होतं. महिनाअखेरीस तो येणार आणि तिला नेणार. तिथून परत येणं या वयात होणार नव्हतं, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"बाबा, आता जायलाच हवं," मी म्हटलं. "बसने जाऊ. मी येते बरोबर."

"बस कशाला? विमान सुरू होतंय ना."

ते खरं होतं. कुठल्याशा नव्या कंपनीने आमची फेरी पुन्हा सुरू करायचं ठरवलं होतं, तशीच सकाळी एक आणि दुपारी एक. तिच्या जाहिरातीत तीसच मिनिटं लिहिलं होतं. बाबांना ते मुळीच पटलं नाही. "डोंगर काय सरकलेत का? पस्तीस म्हणजे पस्तीस." पहिल्याच फेरीची दोन तिकिटं मी काढली. या वेळी पैसे मोजून काढली होती, वजनात बसलं तर वगैरे भानगड नको.

त्या सकाळी विमानतळावर पाय ठेवायला जागा नव्हती. उद्घाटनाचे पाहुणे, फोटोवाले, फोटोवाल्यांच्या पेट्या, भाषणं. बाबांच्या जुन्या काट्याच्या जागी आता काचेचं चकचकीत यंत्र होतं आणि त्यामागे निळ्या कोटातली एक मुलगी. बाबांनी तिच्याकडे आणि पेट्यांकडे आळीपाळीने पाहिलं, पण बोलले नाहीत. आम्ही विमानात जाऊन बसलो. मी खिडकीशी, बाबा वाटेकडे. त्यांचा हात माझ्या हातावर होता आणि तो बर्फासारखा गार होता. मला वाटलं, इतक्या वर्षांनी ताईला भेटणार म्हणून.

तेवढ्यात ती निळ्या कोटातली मुलगी आत आली. "सॉरी हं, पेट्यांमुळे वजन जास्त झालंय. एका माणसाला उतरावं लागेल. दुपारच्या फेरीत नक्की..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाबा उठले होते.

"बाबा, बसा खाली!"

"अगं, दुपारी येतो ना. तू हो पुढे, ताईला सांग."

मी पट्टा सोडायला गेले, तर तो नव्या पद्धतीचा, माझ्या हाताला सुटेना. तोवर ते खाली. दार लागलं. आणि विमानातल्या लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मला इतका राग कधीच आला नसेल. माझी अख्खी पस्तीस मिनिटं त्या रागात गेली, खाली काय होतं ते मी पाहिलंसुद्धा नाही.

आत्या पलीकडे कुंपणाशी खुर्ची टाकून बसली होती. हातात काठी, पायात घरातल्या सपाता. किती लहान झाली होती ती. माझ्यामागून आणखी कोण उतरतंय का हे तिने क्षणभर पाहिलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "उतरला?"

"उतरले. दुपारी येतो म्हणालेत."

"येईल हो. आयुष्यभर दुपारीच येतोय तो." ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाबांच्या नावाने बडबडायला लागले, तर तिने काठीनेच मला गप्प केलं. "हे विमान परत कधी जातंय?"

"अर्ध्या तासात. का?"

"मग तिकीट काढ माझं."

"आत्या, तुझे गुडघे! त्या शिड्या कशा चढणार तू?"

"चढवतील. माझं वजन काय आहे? तुझ्या बापाला विचार." आणि ती उठलीच. पेट्या बांधलेलं घर शेजारणीच्या भरवशावर सोडून, सपाता घालूनच निघाली. विमानाच्या दोन माणसांनी तिला खुर्चीसकट वर उचललं. विमान सुटताना ती खिडकीला नाक लावून बसली होती, अगदी पहिल्यांदा बसलेल्या पोरीसारखी.

बाबा इकडे कुंपणाशीच उभे होते. घरी गेलेच नव्हते. विमानातून आधी मी उतरले, ते मान खाली घालून म्हणाले, "अगं, दुपारी येणारच होतो मी." मग त्यांना खुर्चीतली ताई दिसली. त्यांचा चेहरा जो झाला, तो मी सांगू शकत नाही. त्यांनी धावत जाऊन तिचे पाय धरले आणि पहिलं काय बोलले तर, "ताई, केवढी उतरलीस गं. चाळीसच्या खाली."

"एकोणचाळीस," आत्या म्हणाली. "चहा मिळतो का अजून इथे?"

दुपारच्या विमानाला वेळ होता. घरी न्यायचं तर तिच्या गुडघ्यांना पुन्हा दोनदा गाडीतली चढउतार, म्हणून दोघं तिथेच, त्या पत्र्याच्या खोलीत बाकावर बसली. मी चहा आणला. दोघांनी तो निमूटपणे प्यायला. 'बरी आहेस?' 'बरी आहे. तू?' झालं. मला दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. इतक्या लांबून आली ही, आणि पुन्हा तेच? मी कप परत करायला गेले. चहाचं काउंटर बाकाच्या पाठीमागेच होतं, त्यांना मी दिसत नव्हते, पण मला सगळं ऐकू येत होतं.

"ही शेवटची हं," आत्या म्हणाली. "यानंतर मी येणार नाही."

पत्र्यावर कावळ्यांच्या पायांचा आवाज येत होता.

"ताई," मग बाबा म्हणाले, "मला भीती वाटते."

"माहीत आहे."

"विमानाची. दार लागलं की मला श्वास घेता येत नाही."

"माहीत आहे रे. तू नोकरीला लागलास त्याच आठवड्यात कळलं मला. विमान टेकलंय हे मी सांगितल्याशिवाय तुझा आवाज ताळ्यावर यायचा नाही."

"ते गेले तेव्हासुद्धा..." बाबांचा आवाज फुटला. "त्यांचा भाऊ आला तेव्हा मला बरं वाटलं, ताई. सुटलो असं वाटलं. लोक माझी स्तुती करत होते आणि मी मनातून मरत होतो."

"तेही माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलू? अख्खं गाव तुला देवमाणूस म्हणतंय, त्यात मी कशाला खडा टाकू? म्हटलं, आपणच जाऊ. आपल्याला कुठे भीती वाटते?"

चहाचे कप हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. एवढं जग त्यांनी या धावपट्टीवरून पलीकडे पाठवलं आणि दिव्याखाली हा अंधार. माझा सकाळचा राग कुठल्या कुठे गेला. लहानपणी दर रविवारी आत्या येते म्हणून मी मिरवायचे. ती का येते, हे मला कधी सुचलंही नाही. मला दोघांचीही इतकी माया दाटून आली, की चहावाला म्हणाला, "बाई, कप द्या इकडे, फुटतील."

दुपारचं विमान जवळजवळ रिकामं होतं. पाहुणे सकाळीच पांगले होते. आत्याला खुर्चीतून न्यायला माणसं आली. बाबा तिची पिशवी घेऊन बरोबर निघाले. शिडीपर्यंत जातील, असं मला वाटलं. निळ्या कोटातली मुलगी म्हणाली, "काका, तुमची जागा आहे हं या फेरीला. सकाळची." बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. शिडीशी ते थांबले. वर आत्या दारात पोचली होती. तिने मागे वळून पाहिलं, पण 'ये' म्हणाली नाही. बाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पुन्हा त्या हातातून या हातात. आणि मग चढले. कठड्याला धरून, एखाद्या आजाऱ्यासारखे, पण चढले. दार लागेपर्यंत मी श्वास रोखून पाहत होते. या वेळी कुणी उतरलं नाही.

आत्याचा मुलगा येईपर्यंत ते तिच्याकडे राहिले. मग एके दिवशी दिवेलागणीला घराची घंटा वाजली. दारात बाबा. धुळीने माखलेले, पाठीला हात लावून उभे.

"हे काय? विमानाने नाही आलात?"

"बसने आलो," ते म्हणाले. लाजबीज काही नाही. "स्टँडवर सगळे बघत होते. बघू देत. एकट्याने विमानात बसायचं माझ्याच्याने होत नाही."

त्यांना चहा दिला, पाठ शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. आत्या परदेशी जायला कशी निघाली, हे मी विचारलं नाही. ते आपणहून सांगायला लागले, घराबद्दल. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. मोरीचा नळ गळत होता, तो यांनी बदलला. विकलेल्या घराचा नळ कशाला बदललात, असं मी तोंडावर आलेलं गिळलं.

"आणि येताना वरून कसं दिसलं? जाताना म्हणजे."

"मला काय ठाऊक? मी डोळे मिटून बसलो होतो."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ. तिचा हात धरून. ती सांगत होती. आता आपलं गाव गेलं, आता नदी आली, आता डोंगर, वर एक ठिपक्याएवढं देऊळ दिसतंय. मग डोंगर संपले तरी ती सांगतच राहिली. लहानपणी मी विहिरीत पडलो होतो ते. आतोबांनी तिला पहिल्यांदा काय विचारलं ते. तू झालीस त्या दिवशी ती खुर्चीवर उभी राहून ओरडली होती, ते. काय न् काय." बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत बसले. "चाकं टेकली तरी मला कळलं नाही. ती एवढी बोलते, हे मला माहीतच नव्हतं गं."